मासळीची यादी आणि स्ट्रिंगची लिस्ट

जावा ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत जेसनची (जेसन म्हणजे डेटा साध्या मजकुरात लिहून पाठवायची पद्धत) ॲरे, म्हणजे रांगेत मांडलेली यादी, घ्यायची आणि तिची स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांची, लिस्ट करायची, हे काम इतकं किरकोळ की त्यावर कोणी लेख लिहितंय म्हटल्यावर हसूच येईल. आणि खरंय, उत्तर एका ओळीचं आहे, नेटवर शोधलं की लगेच मिळतं, कॉपी करा, पेस्ट करा, चहा प्यायला जा. पण त्या ओळीच्या आधी एक प्रश्न असतो तो कोणी विचारत नाही, की बाबा ह्या ॲरेत जे जे आलंय ते सगळं खरंच स्ट्रिंग आहे का, आणि नसेल तर त्याचं करायचं काय. तो प्रश्न डेटा आत येतानाच सोडवला नाही तर तो आपोआप सुटत नाही, आत कुठेतरी जाऊन बसतो आणि रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला फोन येतो.

मी मालवणात राहून काम करतो. लाइट जाते, नेट जातं, पावसाळ्यात दोन्ही एकदम जातात, पण ते सोडा. माझा चुलतभाऊ मासळीच्या धंद्यात आहे, बंदरावर लिलाव झाला की तारकर्ली-देवबागकडच्या हॉटेलांना आणि घरगुती खानावळींना मासे पोचवतो. त्याची पोरं लिलाव संपला की फोनवर आज काय काय मिळालं ते टिपतात, ते जेसन होऊन येतं, आणि एक छोटासा जावातला प्रोग्रॅम ते वाचून खानावळींच्या टीव्हीवर 'आजची मासळी' म्हणून दाखवतो. हे सगळं आधी दुसऱ्या एका पोराने बनवलं होतं, तो आता दुबईला. त्याच्यामागून ते माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात कॉम्प्युटरवाला मीच.

तर येणारा माल साधारण असा:

["बांगडा", "सुरमई", "पापलेट", "तिसऱ्या"]

ह्यात काय अवघड आहे? काहीच नाही. चौकटी कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम. म्हणून पहिला मोह असा होतो की लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, कशाला, कंस काढा, स्वल्पविरामावर स्प्लिट मारा, अवतरणं पुसा, झालं. आणि ते चालतं पण, जोवर कोणी "सुरमई, मोठी" असं लिहीत नाही तोवर. तो स्वल्पविराम अवतरणाच्या आतला आहे हे स्प्लिटला कुठून कळणार, तो त्याचे दोन मासे करतो, एक सुरमई आणि एक मोठी. बंदरावर पोरं काय वाट्टेल ते लिहितात, आणि त्यांनी ते लिहावंच, त्यांच्या हाताला बर्फाचं पाणी असतं, त्यांनी आपल्या पार्सरची, म्हणजे ते वाचणाऱ्या कोडची, काळजी करायची नसते.

म्हणजे लायब्ररी आली. आणि इथेच जावाची एक गंमत आहे, की एवढी मोठी भाषा, १९९६ पासूनची, पण तिच्या नेहमीच्या जेडीकेत, म्हणजे भाषेबरोबर येणाऱ्या सामानात, जेसन वाचायची सोय अजून नाही. एन्टरप्राइझवाल्यांसाठी २०१३ मध्ये जेसन-पी आलं, मग २०१७ मध्ये जेसन-बी आलं, पण साध्या जावासाठी जेडीकेतच जेसन द्यायचा प्रस्ताव कधीचा मांडलेला, तो आजतागायत काही घरात आला नाही. त्यामुळे लोक बाहेरून आणतात: जॅक्सन, गूगलचं जीसन, किंवा जेसनचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांचं जुनं ऑर्ग-डॉट-जेसन. त्या शेवटच्याच्या लायसन्समध्ये कित्येक वर्षं एक अट होती की हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरा, वाईट कामासाठी नको. त्या एका वाक्याने कंपन्यांच्या वकिलांना जेवढा ताप दिला तेवढा एखाद्या बगने पण दिला नसेल. २०२२ मध्ये ती अट गेली एकदाची. मला ती आवडायची.

आता जॅक्सनने वाचायचं तर तुम्ही ऑब्जेक्टमॅपर नावाचं त्याचं वाचायचं यंत्र घेता आणि रीडव्हॅल्यू म्हणता, आणि दुसऱ्या जागी सांगता की मला काय हवंय. तिथे तुम्हाला लिहायचं असतं लिस्ट<स्ट्रिंग>.क्लास, आणि जावा ते लिहूच देत नाही. लिस्ट.क्लास चालतं, लिस्ट<स्ट्रिंग>.क्लास नाही. नवीन पोरं इथे हटकून अडकतात आणि मग आधीच्या दुबईवाल्याने जे केलं तेच करतात: लिस्ट.क्लास देऊन वाचतात आणि पुढे हाताने कास्ट मारतात, की ही लिस्ट स्ट्रिंगचीच आहे, मी सांगतो. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालायच्या आधी कोड तपासणारा, पिवळी वॉर्निंग देतो, अनचेक्ड वगैरे, मग त्या वॉर्निंगवर सप्रेसवॉर्निंग्ज चिकटवतात आणि सगळं शांत.

हे असं का, तर २००४ मध्ये जावा ५ बरोबर जेनेरिक्स, म्हणजे लिस्ट कशाची ते कोनी कंसात सांगायची सोय, आले तेव्हा जगभरात आधीच लिहिलेला जावाचा कोड प्रचंड होता, आणि तो मोडायचा नाही असं ठरलेलं. म्हणून मग असं केलं की ते कोनी कंसातलं <स्ट्रिंग> कंपायलरपुरतं ठेवायचं, तपासणी झाली की पुसून टाकायचं. टाइप इरेजर म्हणतात ते हेच. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो तेव्हा स्ट्रिंगची लिस्ट आणि इंटीजरची लिस्ट ह्यांच्यात काडीचा फरक नसतो, दोन्ही नुसत्या लिस्ट. आणि इकडे जेसनचं तर असं की त्याच्या २०१७ च्या स्टँडर्डमध्ये, आरएफसी ८२५९ मध्ये, सरळ म्हटलंय की ॲरेतल्या सगळ्या गोष्टी एकाच प्रकारच्या असायची सक्ती नाही. म्हणजे पाठवणारा काय वाट्टेल ते एकत्र बांधून पाठवू शकतो आणि घेणाऱ्याला चालू प्रोग्रॅममध्ये लिस्टकडे बघून ती कशाची आहे ते कळत नाही. दोन्ही आपापल्या जागी शहाणे निर्णय आहेत बरं का, पण दोघांची गाठ पडते ती नेमकी आपल्या ओळीत.

कास्ट मारलेली ती लिस्ट म्हणजे आपल्याकडची आंब्याची पेटी. वर छापलंय देवगड हापूस, आत गवतात काय निजलंय ते दादरला पेटी फोडल्यावर कळणार, आणि तोवर गाडी, हमाल, दलाल, सगळे त्या छापावर विश्वास ठेवून हात बदलत राहतात. प्रोग्रॅममध्ये पण नेमकं हेच होतं. एका पोराने मासळीऐवजी चुकून १२ असा आकडा टाकला, किलो लिहायचे होते बहुतेक. जॅक्सनने इमानदारीत तो इंटीजर म्हणून लिस्टमध्ये घातला. वाचताना काही झालं नाही, कास्टच्या ओळीवर काही झालं नाही, लिस्ट एका मेथडकडून दुसरीकडे गेली, कॅशमध्ये जाऊन बसली, आणि भलत्याच फाइलीत, जिथे नुसता एक फॉर लूप यादी दाखवत होता, तिथे फटकन क्लासकास्टएक्सेप्शन येऊन प्रोग्रॅम पडला, की इंटीजरचा स्ट्रिंग होत नाही. आता लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची नोंदवही, बघणारा माणूस त्या फॉर लूपकडे बघत बसतो. त्या बिचाऱ्या लूपचा काय दोष, त्याने फक्त पेटी फोडली.

ह्यावर जो सगळीकडे सांगितला जातो तो उपाय म्हणजे टाइपरेफरन्स, जीसनमध्ये त्याचा भाऊ टाइपटोकन. न्यू टाइपरेफरन्स<लिस्ट<स्ट्रिंग>> लिहायचं आणि पुढे एक रिकामा महिरपी कंस उघडून बंद करायचा. तो रिकामा कंस बघून मला पहिल्यांदा वाटलेलं की टायपिंगमध्ये राहून गेला असेल. पण सगळी जादू त्या कंसातच आहे. त्याने तिथल्या तिथे एक बिननावाचा क्लास तयार होतो, आणि इरेजर कितीही कडक असला तरी एखादा क्लास कोणाचा वारस आहे ते क्लास फाइलमध्ये पूर्ण, कोनी कंसासकट, लिहून ठेवलेलं असतं. लायब्ररी रनटाइमला त्या बिननावाच्या क्लासला विचारते, बाबा तुझा बाप कोण, आणि तो सांगतो टाइपरेफरन्स<लिस्ट<स्ट्रिंग>>, की झालं, पुसलेली माहिती मागच्या दाराने परत. नील गॅफ्टर यांनी २००६ मध्ये ही युक्ती सुपर टाइप टोकन नावाने मांडली, आणि आज रोज लाखो लोक तो रिकामा कंस काही न विचारता टाइप करतात.

माझी स्वतःची आवड मात्र अजून साधी आहे. छोटं काम असेल तर मी स्ट्रिंगची ॲरेच मागतो, स्ट्रिंग[].क्लास. ॲरेला आपण कशाची ॲरे आहोत ते चालू प्रोग्रॅममध्ये पण ठाऊक असतं, तिच्यावर इरेजरचा बोळा फिरत नाही. ॲरे हातात आली की ॲरेज.ॲजलिस्ट. फक्त त्या लिस्टमध्ये पुढे काही ॲड करायला जाऊ नका, ती मूळ ॲरेवरच बसलेली असते, लांबी वाढत नाही, अनसपोर्टेडऑपरेशन म्हणून अंगावर येते. वाढवायची असेल तर नवीन ॲरेलिस्टमध्ये ओता.

बरं, टाइपरेफरन्स दिला म्हणजे सगळं निस्तरलं का? अर्धंच. जॅक्सनला स्ट्रिंग हवी म्हटलं आणि समोर १२ आकडा आला तर तो तक्रार करत नाही, गुपचूप "१२" अशी स्ट्रिंग करून देतो. खरं-खोटं असं बूलियन आलं तरी तेच. ऑब्जेक्ट, म्हणजे नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांचा गठ्ठा, आला तर मात्र थेट नाही म्हणतो. म्हणजे प्रोग्रॅम पडत नाही, पण टीव्हीवर बांगडा, सुरमई, १२ अशी यादी येते, आणि गिऱ्हाईक विचारतं, बारा म्हणजे काय हो. कुठे ही उदारता बरी असते. आमच्याकडे होडीवाल्यांच्या फोन नंबरांची पण एक ॲरे आहे आणि त्यातले काही नंबर अवतरणात, काही उघडे आकडे. जॅक्सनने स्ट्रिंग म्हणून वाचले की ते जसेच्या तसे येतात, अंक न अंक. तेच जीसनला नुसती लिस्ट म्हणून वाचायला सांगितलं की त्याच्या मते प्रत्येक आकडा डबल, म्हणजे दशांशवाला, आणि मग ९८७६५४३२१० ची स्ट्रिंग केली की हातात येतं ९.८७६५४३२१ई९. हा नंबर लावून बघा कोणाला लागतो ते. मालवणचा पिनकोड ४१६६०६, त्याच्या मागे पॉइंट शून्य लागतं. आणि एसटीडी कोड ०२३६५ तर उघडा पाठवताच येत नाही, कारण जेसनमध्ये आकड्याच्या पुढे शून्य चालतच नाही, अख्खं जेसनच बाद. त्यामुळे ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही तो आकडा पाठवतानाच अवतरणात घाला, हे मी आता भावाच्या पोरांना पण सांगून ठेवलंय, ते मान डोलावतात.

नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी खूण, त्याचं प्रकरण तर वेगळंच. पोराने रकाना उघडला, काही लिहिलं नाही, ओके दाबलं, की ॲरेत एक नल येतो. हा काही जेसनचा दोष नाही, नल तिथे चालतो. आता दुबईवाल्याने काय केलेलं, की लिस्टमध्ये स्ट्रिंग नसलेलं काहीही आलं तरी पडू नये म्हणून नंतर कधीतरी सगळीकडे स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ घातलं. त्याला ऑब्जेक्ट म्हणून नल दिला की तो चार अक्षरांची इंग्रजी स्ट्रिंग परत देतो, एन-यू-एल-एल, धडधाकट, न रिकामी न नल, कुठल्याही तपासणीतून आरामात पुढे जाणारी. एका खानावळीत टीव्हीवर सुरमई थाळी, बांगडा थाळी आणि त्याखाली नल थाळी असं झळकलं, आणि मुंबईच्या एका पाहुण्यांनी विचारलं पण, हा इकडचा लोकल मासा का. खानावळवाल्या काकींनी सांगितलं, आज संपला.

जॅक्सन २ च्या जेसननोडमध्ये, म्हणजे जेसन झाडासारखं वाचलं की त्याची जी एकेक फांदी मिळते तिच्यात, पण हीच खोड आहे, ॲजटेक्स्ट म्हटलं की नल नोडसुद्धा तीच चार अक्षरं देतो. टेक्स्टव्हॅल्यू म्हटलं तर जे मुळात टेक्स्ट नाही त्याला तो सरळ जावाचा नल देतो, म्हणजे निदान खरं बोलतो. नावं इतकी जवळची आणि वागणं इतकं वेगळं. म्हणून मी आता झाड म्हणून वाचतो, आधी बघतो की वरची गोष्ट ॲरे आहे ना, मग एकेक नोडला इजटेक्स्च्युअल विचारतो, हो म्हणाला तर आत, नाही म्हणाला तर कितवा होता आणि काय होता ते लॉगमध्ये. शेवटी लिस्ट.कॉपीऑफ, जावा १० पासूनची. तिला एक पण नल खपत नाही, जागच्या जागी नलपॉइंटर एक्सेप्शन मारते. जावा १६ मधलं स्ट्रीमचं टूलिस्ट दिसायला सुटसुटीत आहे पण ते नल चालवून घेतं, तेवढ्यासाठी मी इथे ते घेत नाही. एका ओळीच्या आठ-दहा ओळी होतात, हो. होऊ देत.

आता जे मला सगळ्यात जास्त आवडतं ते, आणि हे इंग्रजीतून कोड शिकवणारा कोणी सांगत नाही कारण त्यांना ते लागतच नाही. यादीत तिसऱ्या, म्हणजे त्या शिंपल्या, दोनदा यायच्या. डोळ्यांना दोन्ही अगदी सारख्या, स्पेलिंग तेच, मी हॅशसेटमधून, जो एकच गोष्ट दोनदा ठेवत नाही, काढली यादी तरी दोन्ही शिल्लक. पुढेमागे स्पेस असेल म्हणून स्ट्रिप मारलं, तरी दोन. मग एकेक कॅरॅक्टर छापून बघितलं तेव्हा भेद कळला. आपल्या ह्या ऱ्या ला युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर द्यायच्या पद्धतीत, एकापेक्षा जास्त वाटा आहेत. एक म्हणजे ०९३१ नंबरचं आख्खं ऱ अक्षर आणि पुढे हलंत. दुसरी म्हणजे साधा र, ०९३०, त्याच्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, ०९३सी, आणि पुढे हलंत. युनिकोडच्या मते हे दोन्ही एकच, पण जावाचं इक्वल्स युनिकोडचं मत विचारत नाही, ते कॅरॅक्टरला कॅरॅक्टर लावून बघतं, आणि ते वेगळे म्हणून स्ट्रिंगा वेगळ्या. ह्याला औषध जावातच आहे, नॉर्मलायझर, जावा ६ पासून, त्याला एनएफसी, म्हणजे तुकडे जोडून ठेवायची पद्धत, सांगितलं की दोन तुकड्यांचा तो र-नुक्ता जोडून एक ऱ करतो.

पण आमच्याकडे तिसरी वाट पण निघाली. काही कीबोर्ड र, हलंत आणि मग एक न दिसणारं जोडणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, असं टाकतात, स्क्रीनवर ऱ्या तसाच्या तसा दिसतो. आणि ह्याला नॉर्मलायझर हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी हे मुळात समान नाहीतच, नुसते दिसायला सारखे. ते हातानेच रिप्लेस करायला लागतं: र, हलंत, जॉइनर दिसलं की ऱ आणि हलंत. जॉइनर सरसकट उडवू नका हां, उडवला की त्या ऱ्या चा र्या होतो, रफार वर चढतो, आणि तिसर्या असं काहीतरी टीव्हीवर दिसतं. आमच्या भागात ते लगेच लोकांच्या डोळ्यात येतं, एक मास्तर खास सांगायला आले होते. सुऱ्या, दोऱ्या, खाऱ्या पाण्यातलं म्हणा काहीही, जिथे जिथे हे अक्षर आहे तिथे तिथे ही भानगड आहे. मराठीत डेटा ठेवणाऱ्या प्रत्येकाने एकदा आपल्या डेटाबेसमध्ये ऱ्या शोधून बघावा.

सेट घेतलात तर लिंक्डहॅशसेट घ्या, साध्या हॅशसेटमध्ये क्रम जातो. भाऊ मुद्दाम भारी मासा वर लिहितो, आणि पापलेट तळाला गेलं की त्याचा फोन येतो.

विंडोजवर चालवत असाल तर अजून एक: जावा १८ च्या आधी फाइल वाचताना तुम्ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, सांगितलं नाही तर जावा त्या मशीनचं धरायचं, यूटीएफ-८ नाही. मार्च २०२२ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट. भावाच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर जुनी जावा होती, तिथे तोवर सगळ्या मासळीची भलतीसलती चिन्हं.

राहिला प्रश्न काहीच नसण्याचा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, मासेमारीबंदी. बंदर गप्प, खाडीतलं थोडंफार येतं ते आणि सुकं. त्या दिवसांत यादी काय यायला पाहिजे? रिकामी ॲरे, नुसता उघडा-मिटलेला कंस. पण ॲप कधी ती पाठवायचं, कधी ॲरेच्या जागी नल, कधी बॉडी, म्हणजे पाठवलेला मजकूरच, रिकामी. जॅक्सनला ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत: लिस्ट म्हणून रीडव्हॅल्यू केलं तर रिकाम्या ॲरेची रिकामी लिस्ट मिळते, नल दिला की हातात नल, आणि रिकाम्या बॉडीवर तो वाचायला काही नाहीच म्हणून एक्सेप्शन टाकतो. तिघांनाही रिकामी लिस्ट समजायचं आणि मोकळं व्हायचं असं मला कोणी कोणी सुचवलं. मी नाही केलं. भावाचे वडील, म्हणजे माझे काका, लिलावाची वही ठेवायचे, त्यांचा एक नियम होता. "काय गावला नाय तर 'काय नाय' म्हणान लिव, पण पान कोरा सोडू नको." काय नाय लिहिलेलं पान म्हणजे कोणीतरी बंदरावर जाऊन बघून आलंय. कोरं पान म्हणजे कोणी गेलंच नाही. पहिल्यावर खानावळवाली आज अंड्याची आमटी ठेवते, दुसऱ्यावर ती भावाला फोन लावते. दोन्हीची रिकामी लिस्ट केली तर तिला कळणार कसं काय करायचं ते.

आणि उलटं पण होतं, एकच मासा मिळाला की ॲप ॲरे न करता नुसतं "बांगडा" पाठवतं. हे फार जुनं दुखणं आहे, एक्सएमएल ह्या दुसऱ्या डेटा-पद्धतीचं जेसन करणाऱ्या कित्येक टूल्सना पण आहे. जॅक्सनमध्ये त्यासाठी एक खटका आहे, ॲक्सेप्ट सिंगल व्हॅल्यू ॲज ॲरे, तो चालू केला की एकट्या बांगड्याची एका बांगड्याची लिस्ट होते. तो मी चालू ठेवला होता, झाड वाचायला लागल्यापासून तेच हाताने करतो. इथे अर्थ बदलत नाही ना, मग कशाला अडवायचं.

एवढं सगळं जागेवर बसलं, यादी स्वच्छ यायला लागली, आणि परवा भाऊ आला, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "मेल्या, नावा दिसली, पण दर खंय हा?" म्हणजे आता नुसती स्ट्रिंग पुरत नाही, प्रत्येक मासळीचा ऑब्जेक्ट हवा, नाव वेगळं, दर वेगळा, जमलंच तर किती किलो ते पण. जावा १६ पासून रेकॉर्ड आहेत, म्हणजे नुसती माहिती ठेवायचे छोटे क्लास, दोन ओळींत मासळी नावाचा रेकॉर्ड होतो, लिस्ट<मासळी>, टाइपरेफरन्सचा रिकामा कंस तोच. दर मात्र बिगडेसिमलमध्ये, म्हणजे पैशाचे दशांश न चुकवणाऱ्या आकड्यात, घेणार, आणि पोरांनी दराच्या रकान्यात "बघून सांगतो" लिहिलं तर काय करायचं ते आधी भावाला विचारणार, कारण ते अर्धी पोरं लिहिणार हे मला आत्ताच माहितीये.